व्होल्ट, मिलिव्होल्ट, किलोव्होल्ट: कधी गुणायचं, कधी भागायचं आणि उत्तर चुकलंय हे कसं ओळखायचं

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मिलिव्होल्टचे व्होल्ट आणि व्होल्टचे किलोव्होल्ट करायचा तक्ता त्याला पाठ आहे. तरीही पेपर सोडवताना आणि प्रत्यक्ष पॅनलसमोर दोन्हीकडे गुणाकाराच्या जागी भागाकार होतो आणि उत्तर हजारपटीने चुकतं. यावर कायमचा उपाय आहे का?

आहे, आणि तो तक्ता आणखी घोकण्यात नाही. कारखान्यांमधल्या इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन देखभालीत बरीच वर्षं गेल्यावर माझं मत ठाम झालंय की हे गणित कठीण म्हणून कुणी चुकत नाही. चुका होतात त्या आकडा एककाशिवाय लिहिल्यामुळे आणि उत्तर साधारण केवढं यायला हवं याचा अंदाज आधी न बांधल्यामुळे. या दोन सवयी लागल्या की तक्ता लागत नाही.

मूळ एकक एकच, व्होल्ट. एक कूलंब विद्युतभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना एक ज्यूल ऊर्जा लागत असेल, तर त्या दोन बिंदूंमध्ये एक व्होल्टचा फरक आहे असं म्हणायचं. १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडणारे इटलीचे आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या नावावरून १८८१च्या पॅरिस परिषदेत हे एकक स्वीकारलं गेलं. मिली, मायक्रो, किलो, मेगा ही वेगळी एककं नव्हेत. व्होल्टच्या आधी लावलेले ते आकडे आहेत. मिली म्हणजे एक हजारांश, मायक्रो म्हणजे एक दशलक्षांश, किलो म्हणजे हजार आणि मेगा म्हणजे दहा लाख.

म्हणून उपसर्ग दिसला की त्याच्या जागी त्याचा आकडा लिहा. ११ किलोव्होल्ट म्हणजे ११ × १००० व्होल्ट, म्हणजे ११,००० व्होल्ट. ४५ मिलिव्होल्ट म्हणजे ४५ ÷ १००० व्होल्ट, म्हणजे ०.०४५ व्होल्ट. नियम आठवायची गरजच राहिली नाही, उपसर्गाचा अर्थ तेवढा लिहून काढला. उलट जायचं असेल, समजा ०.६ व्होल्टचे मिलिव्होल्ट हवेत, तर एका व्होल्टमध्ये किती मिलिव्होल्ट मावतात ते विचारा. हजार मावतात, म्हणून ०.६ × १००० = ६०० मिलिव्होल्ट. शेवटी एक नजर टाका: एकक लहान झालं तर आकडा मोठा व्हायला हवा, एकक मोठं झालं तर आकडा लहान. ४१५ व्होल्टचे किलोव्होल्ट करताना कागदावर ४,१५,००० आलं, तर एककही वाढलं आणि आकडाही वाढला. असं होऊच शकत नाही.

मायक्रोव्होल्टवरून थेट किलोव्होल्टवर किंवा मेगाव्होल्टवरून थेट मिलिव्होल्टवर उडी मारू नका. आधी व्होल्टवर या, मग पुढे जा. एक पायरी वाढते, पण नऊ शून्यं एका दमात मोजण्यात जी चूक होते ती टळते.

आता आपल्याकडची एक खास अडचण, जिचा उल्लेख पुस्तकांत क्वचितच असतो. आपण आकडे लाख-कोटीत वाचतो. ७६५ किलोव्होल्टची लाइन म्हणजे आपल्या लेखी ७,६५,००० व्होल्ट, सात लाख पासष्ट हजार. आपले स्वल्पविराम पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांवर पडतात, आणि मायक्रो, मिली, किलो, मेगा हे उपसर्ग मात्र तीन-तीन अंकांच्या टप्प्यांनी चालतात. हजारापर्यंत दोन्ही पद्धती जुळतात, म्हणून ११,००० व्होल्टचे ११ किलोव्होल्ट करताना कुणी चुकत नाही. लाखाच्या पुढे स्वल्पविराम पाहून अंदाज केला की घसरायला होतं. १,००,००,००० मायक्रोव्होल्ट म्हणजे किती? पुष्कळांच्या तोंडून पटकन ‘शंभर व्होल्ट’ किंवा ‘एक व्होल्ट’ असं उत्तर येतं. खरं उत्तर १० व्होल्ट.

यावर माझा उपाय साधा आहे. एककं बदलताना स्वल्पविराम पुसून टाकायचे आणि दशांश चिन्हापासून डावीकडे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे: १० ००० ०००. प्रत्येक गट ही एक पायरी. मायक्रो, मग मिली, मग व्होल्ट. उत्तर आल्यावर हवं तर ते पुन्हा लाखांत लिहा. आणि एवढं तोंडी असू द्या: एक लाख व्होल्ट म्हणजे १०० किलोव्होल्ट, दहा लाख व्होल्ट म्हणजे १ मेगाव्होल्ट.

दुसरा सापळा चिन्हांचा. इंग्रजी लिपीतला लहान ‘एम’ म्हणजे मिली आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. या दोघांमध्ये शंभर कोटी पटींचा फरक आहे. किलोचा ‘के’ नेहमी लहान, व्होल्टचा ‘व्ही’ नेहमी मोठा. व्होल्टेजच्या बाबतीत मिली आणि मेगाची गल्लत सहसा लगेच ध्यानात येते, कारण आपल्या टेबलावर मेगाव्होल्ट असूच शकत नाही. मायक्रोची गल्लत जास्त घातक. मायक्रोचं चिन्ह म्हणजे ग्रीक ‘म्यू’. ते कळफलकावर नसतं, म्हणून लोक लहान ‘यू’ लिहितात आणि ते चालून जातं. पण काही जुन्या फायलींमध्ये फॉन्ट बदलला की ‘म्यू’च्या जागी लहान ‘एम’ उमटतो, आणि मायक्रोव्होल्टचे मिलिव्होल्ट होतात. एखाद्या ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या) माहितीपत्रकात ऑफसेट व्होल्टेज (आयसीची इनपुटवरची अंगभूत बारीक चूक) पाहताना हे ध्यानात ठेवा. ओपी-०७ सारख्या अचूक आयसीचा ऑफसेट साधारण शंभर मायक्रोव्होल्टच्या आत असतो, तर एलएम-३५८ सारख्या स्वस्त आयसीचा काही मिलिव्होल्ट. अचूक म्हणून विकल्या जाणाऱ्या आयसीसमोर ३० मिलिव्होल्ट छापलेलं दिसलं, तर आधी त्या चिन्हावर संशय घ्या.

आता मल्टिमीटर. हाताने रेंज निवडायच्या साध्या मीटरवर डीसीच्या बाजूला २०० मिली, २, २०, २०० आणि १००० असे आकडे असतात. या मीटरचा डिस्प्ले १९९९ पर्यंत मोजतो. म्हणजे २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा, २ व्होल्टच्या रेंजवर १ मिलिव्होल्टचा, २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टचा. त्यामुळे डिस्प्लेवरचा आकडा वाचण्याआधी नॉब कुठे आहे ते पाहायचं आणि वहीत आकड्याशेजारी लगेच एकक लिहायचं. पुष्कळ जण रीडिंगचा रकाना भरतात आणि एकक नंतर लिहू म्हणतात. नंतर ते आठवत नाही. ऑटोरेंज मीटरमध्ये धोका आणखी वेगळा आहे. तो स्वतःच मिलिव्होल्टवर उतरतो. बंद केलेल्या सर्किटवर कोपऱ्यात लहान अक्षरात मिलिव्होल्टचं चिन्ह आणि मधोमध मोठ्या अक्षरात ‘२३०.०’ असं दिसू शकतं. घाईत पाहणाऱ्याला वाटतं सप्लाय चालू आहे. उलटंही घडतं आणि ते जिवावर बेततं: सप्लाय चालू असताना मिलिव्होल्ट समजून हात घातला जातो.

रूपांतराची खरी परीक्षा होते ती एकाच हिशेबात दोन एककं येतात तेव्हा. तीन उदाहरणं देतो. तिन्ही रोजच्या कामातली आहेत.

पहिलं, विहिरीवरच्या पंपाची केबल. केबलच्या तक्त्यात व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलमध्येच खर्ची पडणारं व्होल्टेज, दर अँपिअरला, दर मीटरला मिलिव्होल्टमध्ये दिलेला असतो. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर दोन-कोर केबलसाठी तो सुमारे १८ आहे. घरापासून विहीर ६० मीटरवर आणि सिंगल फेज पंप १२ अँपिअर घेणारा असेल, तर १८ × १२ × ६० = १२,९६०. हे व्होल्ट नव्हेत, मिलिव्होल्ट आहेत. हजाराने भागल्यावर १२.९६ व्होल्ट. घराशी २३० व्होल्ट असतील तर पंपापाशी सुमारे २१७ पोहोचतात. भागायचं विसरलात तर उत्तर १२,९६० व्होल्ट येतं, आणि २३० व्होल्टच्या लाइनवर १२,९६० व्होल्टचा ड्रॉप अशक्य आहे हे तिथल्या तिथे उमगायला हवं. उलट कुणी घाबरून दोनदा भागलं तर ०.०१३ व्होल्ट येतं, आणि ही चूक जास्त वाईट, कारण हा आकडा बघायला छान वाटतो. केबल पुरेशी जाड आहे असं समजून माणूस बारीक केबल टाकून मोकळा होतो. मोटर सुरू होताना करंट पाच-सहा पट खेचते. त्या क्षणी हाच ड्रॉप ढोबळमानाने ६० व्होल्टच्या घरात जातो, मोटर गुरगुरते पण फिरत नाही, आणि दोष कपॅसिटरला दिला जातो. तीच केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तक्त्यातला आकडा ११ होतो आणि ड्रॉप ७.९२ व्होल्टवर येतो. तक्त्यातला आकडा जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून असतो, त्यामुळे लांबी एका बाजूचीच धरायची, दुप्पट करायची नाही.

दुसरं, शंट. बॅटरी चार्जर किंवा डीसी पॅनलमध्ये मोठा करंट मोजायला शंट बसवतात. त्यावर ‘१०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट’ असं कोरलेलं असतं. म्हणजे पूर्ण १०० अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट मिळतात. तुम्ही ३० मिलिव्होल्ट मोजले तर करंट ३० ÷ ७५ × १०० = ४० अँपिअर. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर असेल तर डिस्प्लेवर ०.०३० दिसेल, आणि तोच आकडा तसाच सूत्रात घातला तर उत्तर येईल ०.०४ अँपिअर. भाग देण्याआधी वरचं आणि खालचं एकक एकच आहे का ते पाहायचं, एवढीच गोष्ट. मिलिव्होल्टला मिलिव्होल्टने भागलं की एकक उडून जातं आणि निव्वळ गुणोत्तर उरतं. व्होल्टला मिलिव्होल्टने भागलं तर हजारपटीची चूक हिशेबात लपून बसते.

तिसरं उदाहरण थर्मोकपलचं (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमानमापकाचं), आणि हे मला सर्वांत आवडतं, कारण इथे मायक्रोव्होल्ट हाताला लागतात. के प्रकारचं थर्मोकपल दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. मीटरकडचं गार टोक ० अंशावर असताना १०० अंशांना ४.०९६ मिलिव्होल्ट, ४०० अंशांना १६.३९७ मिलिव्होल्ट. आता वरचा मल्टिमीटर घ्या. २ व्होल्टच्या रेंजवर शेवटचा अंक १ मिलिव्होल्टचा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १००० मायक्रोव्होल्ट, आणि १००० ÷ ४१ म्हणजे जवळजवळ २४ अंश. म्हणजे त्या रेंजवर तुमचं तापमान २४-२४ अंशांच्या उड्या मारणार. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर हीच उडी अडीच अंशांची होते. रेंज निवडणं हाही रूपांतराचाच भाग आहे तो असा. आणखी एक: भट्टी ४०० अंशांवर असून तुमच्या मीटरपाशी ३० अंश असतील, तर मीटरला १६.३९७ मिळणार नाहीत. ३० अंशांचे १.२०३ मिलिव्होल्ट वजा होऊन १५.१९४ दिसतील. तक्त्यात थेट १५.१९४ शोधलंत तर भट्टी सुमारे २८ अंशांनी थंड वाटेल. मोजलेल्या मिलिव्होल्टमध्ये खोलीच्या तापमानाचे मिलिव्होल्ट आधी मिळवा, मग तक्ता पाहा. अंशांत अंश मिळवण्यापेक्षा हे बरोबर, कारण थर्मोकपलचा आलेख पूर्ण सरळ नसतो.

मोठ्या बाजूला, किलोव्होल्टमध्ये, गोंधळ वेगळा असतो. तिथे एककाच्या रूपांतरासोबत पीटीचं, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर येतं आणि लोक दोन्ही एकत्र कालवतात. ११ किलोव्होल्टच्या पॅनलमध्ये पीटी ११ किलोव्होल्टचे ११० व्होल्ट करतो. गुणोत्तर १००. २२ किलोव्होल्टला २००, ३३ किलोव्होल्टला ३००. पीटीच्या सेकंडरीला, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला, १०८.५ व्होल्ट मोजले तर लाइनवर १०८.५ × १०० = १०,८५० व्होल्ट, म्हणजे १०.८५ किलोव्होल्ट. आधी गुणोत्तराने गुणा, मग एकक बदला, आणि दोन्ही कामं दोन वेगळ्या ओळींत लिहा. एकाच ओळीत ‘गुणिले शंभर भागिले हजार म्हणजे भागिले दहा’ असं करणारे जुने हात आहेत, पण ते ३३च्या पॅनलसमोर गेले की तोच भागिले दहा तिथेही लावून बसतात.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो. ११ किलोव्होल्टवर साधा मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. त्याची कमाल मर्यादा ६०० किंवा १००० व्होल्ट असते, म्हणजे ०.६ किंवा १ किलोव्होल्ट. बोलताना आपण ‘अकराची लाइन’, ‘तेहतीसची लाइन’ म्हणतो आणि किलो गिळून टाकतो. अनुभवी माणसांत चालतं ते, पण शिकाऊ पोरासमोर पूर्ण ‘अकरा किलोव्होल्ट’ म्हणा आणि त्याच्याकडूनही म्हणून घ्या. डीपीच्या फलकावरचा तो एक ‘के’ म्हणजे हजारपट मृत्यू आहे.

केवढा आकडा यायला हवा, हा अंदाज मनात पक्का बसवायला ओळखीचे टप्पे धरून ठेवा. डोक्यावरून घेतलेला मेंदूचा ईईजी दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. हृदयाचा ईसीजी सुमारे एक मिलिव्होल्ट. त्या कागदावर नेहमीच्या मापनाने १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट, म्हणून एक बारीक चौकोन ०.१ मिलिव्होल्टचा. सिलिकॉन डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट, पेन्सिल सेल १.५, मोटरसायकलची बॅटरी १२, घर २३०. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे १.५ किलोव्होल्टवर चालली. आजच्या लोकलच्या वरच्या तारेत २५ किलोव्होल्ट एसी आहे. चंद्रपूर ते पडघे ही डीसी लाइन अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची, म्हणजे तिच्या दोन पोलांमध्ये १००० किलोव्होल्ट, पूर्ण १ मेगाव्होल्ट. मेगाव्होल्ट हा शब्द महाराष्ट्रात जमिनीवर खरोखर लागू पडतो अशी ही जागा आहे.

काही रूपांतरं एककांची नसतातच, तरी प्रश्न त्याच नावाने विचारले जातात. ११ किलोव्होल्टच्या लाइनवर फेज आणि अर्थमध्ये ६.३५ किलोव्होल्ट असतात, कारण तिथे तीनच्या वर्गमुळाने भागावं लागतं. घरातल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, कारण २३० ही आरएमएस, म्हणजे सतत बदलणाऱ्या एसीची परिणामी किंमत आहे. ‘इतके किलोव्होल्ट म्हणजे किती अँपिअर’ याला रोध किंवा लोड माहीत असल्याशिवाय उत्तरच नाही. केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) म्हणजे केव्ही (किलोव्होल्ट) नव्हे. आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे तर ऊर्जेचं एकक आहे: ७० किलोव्होल्टवर चालणाऱ्या एक्स-रे ट्यूबमधून निघणाऱ्या फोटॉनची ऊर्जा जास्तीत जास्त ७० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आकडा तोच, राशी वेगळी.

केबल टीव्हीच्या कामात जाणार असाल तर एक रूपांतर मात्र शिकून ठेवा. तिथे सिग्नल डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. ० म्हणजे १ मायक्रोव्होल्ट, आणि दर २० डेसिबलला व्होल्टेज दहापट. म्हणून ६० म्हणजे १ मिलिव्होल्ट, ८० म्हणजे १० मिलिव्होल्ट, १२० म्हणजे १ व्होल्ट. ६ डेसिबल वाढले की व्होल्टेज जवळपास दुप्पट, म्हणजे ६६ला २ मिलिव्होल्ट. इथे दशांश चिन्ह सरकवून काहीही हाती लागत नाही, लॉगॅरिदम वापरावंच लागतं.

उत्तर कोणत्या एककात ठेवायचं हेही ठरवा. साधारण १ ते १००० च्या मध्ये आकडा येईल असा उपसर्ग निवडा: ०.०००४१ व्होल्टपेक्षा ४१० मायक्रोव्होल्ट वाचायला सोपं. पण रीडिंगच्या तक्त्यात एका रकान्यात एकच एकक ठेवा, आकडे कितीही ओबडधोबड दिसले तरी. वर ९८० मिलिव्होल्ट आणि खाली १.०२ व्होल्ट असं लिहिलंत, तर नंतर आलेख काढणारा ९८० वरून १.०२ वर कोसळलेली रेषा पाहून मशीन उघडायला लावेल.

आता हे चार सोडवा, कॅल्क्युलेटरशिवाय. ०.०७५ व्होल्टचे मिलिव्होल्ट. ६,६०० व्होल्टचे किलोव्होल्ट. २,५०,००० मायक्रोव्होल्टचे व्होल्ट. ०.४ मेगाव्होल्टचे किलोव्होल्ट. उत्तरं: ७५ मिलिव्होल्ट, ६.६ किलोव्होल्ट, ०.२५ व्होल्ट, ४०० किलोव्होल्ट. तिसऱ्यात २.५ किंवा २५० व्होल्ट आले असतील तर लाखाचा स्वल्पविराम आडवा आलाय. आकडा २५० ००० असा लिहून पुन्हा करा. चौथ्यात चुकलात तर थेट उडी मारलीत. आधी ४,००,००० व्होल्ट लिहा आणि मग हजाराने भागा.